चित्रातला मुलगा आणि त्याच्या हातातील पुस्तक

अक्षरओळख होण्यापूर्वीच मूल चित्र वाचू लागते. दोन-अडीच वर्षांचे मूल पुस्तक कधी सुलटे तर कधी उलटे धरते, पाने चाळते आणि एखाद्या चित्रावर बोट ठेवून विचारते, "हा कोण? हा काय करतो?" मोठी माणसे घाईघाईने उत्तर देतात आणि पुढचे पान उलटतात. त्या चित्राने मात्र तोवर आपले काम केलेले असते. स्वयंपाक कोण करते, बाजारात कोण जाते, झाडावर कोण चढते, कोण रडते आणि कोण त्याची समजूत घालते, हे सारे मूल चित्रांतून टिपत असते. मोठेपणी अक्षरे गिरवणाऱ्यांचा अनुभवही फारसा वेगळा नसतो. ओळ वाचण्याआधी नजर चित्राकडे जाते आणि चित्रातील माणूस आपल्यासारखा आहे की नाही, हे मन नकळत ताडून पाहते.

म्हणूनच चित्रपुस्तकांना 'पोरांची करमणूक' म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हे. चित्र आणि मजकूर या दोघांनी मिळून गोष्ट सांगणारे हे पुस्तक मुलाच्या आयुष्यात बहुधा सर्वांत आधी येते. अशा पुस्तकांविषयी एक साधा प्रश्न येथे विचारायचा आहे. चित्रपुस्तकांतील मुलगा वाचताना दिसतो का? आणि दिसला, तर तो कसा दिसतो?

जुन्या अंकलिप्या आणि वाचनपाठ आठवून पाहा. त्यांत मुलगा पाटीपुस्तक घेऊन बसलेला असे आणि मुलगी पाण्याची कळशी घेऊन उभी असे. वडील वर्तमानपत्र वाचत, आई चुलीपाशी असे. या चित्रांमागे मोठा इतिहास होता. ज्या समाजात स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना शतकानुशतके अक्षरांपासून दूर ठेवले गेले, जेथे १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना समाजाचा रोष पत्करावा लागला, तेथे पुस्तक पुरुषाच्या हाती आणि भांडे बाईच्या हाती दिसणे हा योगायोग नव्हता. हे केवळ आपल्याकडेच घडत होते असेही नाही. अमेरिकेत लेनोर वाइट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील नावाजलेली, पारितोषिक मिळालेली चित्रपुस्तके तपासून १९७२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या पुस्तकांत मुलग्यांची आणि पुरुषांची चित्रे मुलींच्या आणि स्त्रियांच्या चित्रांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असल्याचे त्यांना आढळले.

ही चूक दुरुस्त करण्याचे प्रयत्न आपल्याकडे निष्ठेने झाले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्त्रीपुरुष समानतेच्या दृष्टीने अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके नव्याने घडवण्याचा आग्रह धरला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी या प्रश्नासाठी स्वतंत्र अभ्यासगट नेमला गेला. दिल्लीत राहून काम करणाऱ्या कमला भसीन (१९४६–२०२१) यांची, मुलीला का शिकायचे आहे हे सांगणारी हिंदी कविता साक्षरतेच्या चळवळीत ठिकठिकाणी पोहोचली. चेन्नईच्या 'तूलिका' प्रकाशनाने २००३ साली महाश्वेतादेवींचे 'द व्हाय-व्हाय गर्ल' हे चित्रपुस्तक काढले. त्यातील शेळ्या राखणारी, सतत 'का' विचारणारी मोयना अखेर पुस्तकांपाशी येऊन पोहोचते. 'प्रथम बुक्स'च्या 'अ बुक फॉर पुच्कु' या पुस्तकातील पुच्कु ही तर पुस्तकांसाठी आसुसलेली मुलगी आहे. महाराष्ट्रात 'बालभारती'ने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात स्त्री आणि पुरुष मिळून भाजी निवडत आहेत असे चित्र छापले, तेव्हा वर्तमानपत्रांनीही त्याची दखल घेतली.

मुलीच्या हाती आलेले हे पुस्तक फार कष्टाने आलेले आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील पुरुषांची साक्षरता सुमारे ८१ टक्के होती, तर स्त्रियांची सुमारे ६५ टक्के. तेव्हा वाचणाऱ्या मुलीचे चित्र पुस्तकांत अजूनही हवेच. त्याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्या चित्रात तिच्याशेजारी उभ्या असलेल्या मुलाचा.

आजची चित्रपुस्तके चाळली, तर वाचणारा मुलगा बहुधा तीन साच्यांत सापडतो असे मला वाटते.

पहिला साचा थोर पुरुषाच्या बालपणाचा. गरिबीत वाढलेला मुलगा मिणमिणत्या दिव्याखाली किंवा रस्त्यावरच्या कंदिलाखाली वाचत बसतो आणि पुढे मोठा होतो. हा साचा खोटा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेच उदाहरण घ्या. मुंबईत बागेत वाचत बसणाऱ्या भीमराव नावाच्या विद्यार्थ्याकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे लक्ष गेले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या बालपणावर सौम्या राजेंद्रन यांनी 'द बॉय हू आस्क्ड व्हाय' हे चित्रपुस्तक लिहिले आहे. दिल्लीत २६, अलीपूर रोड येथील घरात डिसेंबर १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत ते 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकावर काम करत होते. संसदेच्या आवारात १९६७ साली बसवलेल्या, पुढे २०२४ मध्ये त्याच आवारातील 'प्रेरणा स्थळ' येथे हलवलेल्या पुतळ्याच्या हाती पुस्तक आहे. महाराष्ट्रातील वस्तीवस्तीत, चौकाचौकात असा पुतळा उभा आहे. हाती तलवार घेतलेले वीर आपण पुष्कळ पाहिले. हाती पुस्तक घेतलेला महापुरुष लाखो मुलांना त्यांच्या अंगणातूनच दिसतो, हे आपले भाग्य आहे.

तथापि या साच्याची एक मर्यादा आहे. त्यातील वाचन ही तपश्चर्या असते आणि तिचे फळ म्हणजे थोरवी. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) मध्ये श्याम पुस्तक घेण्याच्या हव्यासापायी पैसे चोरतो. त्या प्रकरणाचे नावच 'मोठा होण्यासाठी चोरी' असे आहे. मोठे होण्यासाठी वाचावे हे खरे. पण ज्याला मोठे व्हायचे नाही, ज्याला रिक्षा चालवून, दुकान सांभाळून, शेती करून साधेपणाने जगायचे आहे, त्याने वाचू नये काय? थोरांच्या चरित्रातील मुलगा आपल्याला वंदनीय वाटतो, पण तो आपल्याशेजारी येऊन बसत नाही.

दुसरा साचा पुस्तकाचा कंटाळा असलेल्या मुलाचा. हा साचा हल्ली देशीविदेशी पुस्तकांत वारंवार दिसतो आणि त्यामागील हेतू चांगला असतो. गोष्ट साधारण अशी असते: मुलाला खेळायचे असते, पुस्तक पाहिले की तो तोंड वाकडे करतो. आई, शिक्षिका किंवा हुशार बहीण त्याची मनधरणी करते. शेवटी कोणीतरी त्याला क्रिकेटचे, राक्षसांचे किंवा डायनासोरचे पुस्तक देते आणि शेवटच्या पानावर तो वाचनात रमून जातो. मुलांना वाचनाकडे वळवावे म्हणून लिहिलेली ही गोष्ट प्रत्यक्षात काय सांगते, ते पाहा. सुरुवातीपासून जवळजवळ अखेरपर्यंत ती सांगते की मुलगा म्हटला की त्याला पुस्तक नकोसे असायचेच. शेवटच्या पानावरचा बदल हा अपवाद असतो, चमत्कार असतो. जे मूल पुस्तक आवडीने हाती घेऊन बसले होते, त्यालाही या गोष्टीतून पहिल्यांदाच कळते की मुलाने पुस्तकाला नाक मुरडायचे असते! औषध देताना आधी रोगाचा परिचय करून द्यावा, तसा हा प्रकार आहे.

तिसरा साचा थट्टेचा. मोठ्या भिंगांचा चष्मा, काडीसारखे हातपाय, खेळाच्या मैदानावर घाबरणारा असा हा 'पुस्तकी किडा'. तो नायकाचा मित्र असतो, नायक मात्र कधीच नसतो. बोलीभाषेनेही या मुलावर अन्यायच केला आहे. घरात बसून वाचणाऱ्या मुलाला आपण 'घरकोंबडा' म्हणतो. "पुस्तकात डोके खुपसून काय बसलास, मुलासारखा मुलगा तू, जरा बाहेर जा," असे सांगतो. मुलीला हेच शब्द क्वचित ऐकावे लागतात, कारण तिने घरात असणे आपण गृहीत धरलेले असते. एकाच वाक्यात मुलाला पुस्तकापासून आणि मुलीला मैदानापासून तोडण्याचे काम आपली भाषा किती सहज करते!

थोर, उनाड आणि थट्टेचा विषय असे हे तीन मुलगे पुस्तकांत आहेत. साधा मुलगा मात्र त्यांत नाही. भूक लागली की जेवतो, झोप आली की झोपतो, तसा हाती आले म्हणून वाचणारा, वाचून झाले की चेंडू घेऊन पळणारा मुलगा फारसा दिसत नाही.

चित्रातील एवढ्याशा गोष्टीची इतकी चिंता का करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आकड्यांतून मिळते. 'असर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैक्षणिक सर्वेक्षणाने २०२३ साली देशातील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांत १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींची पाहणी केली. दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या भाषेत वाचू शकणाऱ्या मुलींचे प्रमाण ७६ टक्के होते, तर मुलग्यांचे ७०.९ टक्के. गणितात आणि इंग्रजी वाचनात मुलगे पुढे होते. म्हणजे मुलग्यांची बुद्धी कमी पडते असे नव्हे. ते मागे पडले ते स्वतःच्या भाषेतील साधा उतारा वाचण्यात. जगातही हेच चित्र आहे. १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची 'पिसा' ही आंतरराष्ट्रीय चाचणी २०१८ साली झाली, तेव्हा सहभागी झालेल्या प्रत्येक देशात वाचनात मुली मुलग्यांच्या पुढे होत्या.

हे सारे चित्रपुस्तकांमुळे घडते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ज्या घरात कमावणारे हात कमी पडतात, तेथे मुलाला लवकर कामाला जुंपले जाते. हॉटेलात, गॅरेजमध्ये, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर गेलेल्या मुलाच्या हातून पुस्तक सुटते, ते चित्र पाहून नव्हे. परंतु परिस्थितीने हातातले पुस्तक काढून घेतल्यावर पुन्हा ते हाती घ्यावेसे वाटणे हा मनाचा प्रश्न असतो. "शिकणे आपल्या वळणाचे नाही, आपण हाताने काम करणारी माणसे," असे जो मुलगा लहानपणापासून मानत आला, त्याला परत फिरणे जड जाते. मनातील ही समजूत घडवण्यात शब्दांचा वाटा असतो, तसाच चित्रांचाही असतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो. मुलगे मुळातच चळवळे असतात, एका जागी बसणे त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून पुस्तकांनी जसे आहे तसे दाखवले तर बिघडले कोठे, असे काही जण म्हणतात. हा आक्षेप आपल्याच परंपरेपुढे टिकत नाही. हरिनाम सप्ताहात गावच्या देवळात ज्ञानेश्वरीचे पारायण चालते. दिवसभर नांगर धरणारे, गुरे राखणारे पुरुष तेथे ओळीने मांडी घालून बसतात आणि समोरच्या ग्रंथातील ओव्या वाचतात. चातुर्मासात पोथी वाचणारे आजोबा कित्येक घरांनी पाहिले आहेत. शेतकऱ्याच्या राठ बोटांना पोथीचे पान उलटताना कोणी 'घरकोंबडा' म्हटले नाही. मग वाचन पुरुषाच्या स्वभावाविरुद्ध आहे, हे आपण कोणाकडून शिकलो?

शिवाय चळवळेपणा आणि वाचन यांचे वैर कोणी ठरवले? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकल दामटतो, संकटांत उडी घेतो, आणि तरीही त्याला पिढ्यानपिढ्या भेटत आलेली मुले त्याला पुस्तकातच भेटली. त्या कथा वाचणारी मुले धावणारीच होती. धावणाऱ्या मुलाचे पुस्तक वाचण्यासाठीही घटकाभर बसावेच लागते, आणि ती बसली.

मुलाच्या हाती पुस्तक द्या म्हटल्याने मुलीच्या हातचे पुस्तक जाईल, ही भीतीही निराधार आहे. एका चित्रात दोघांना जागा असते. साने गुरुजींनी 'श्यामची आई'मध्ये 'अर्धनारी नटेश्वर' या प्रकरणात आजारी आईला घरकामात मदत करणारा श्याम उभा केला. पुरुषाने कोमल गुण आणि स्त्रीने धैर्याचे गुण घ्यावेत, हा विचार त्यांनी तेव्हाच मांडला. एनसीईआरटीने २००८ साली 'बरखा' ही पहिली-दुसरीच्या मुलांसाठी ४० छोट्या हिंदी पुस्तकांची माला काढली. तिच्यातील 'फूली रोटी' या पुस्तकात जमाल नावाचा मुलगा पोळी करायला जातो. तेथे कोणी त्याला उपदेश करत नाही, कोणी नवल करत नाही. त्याला पोळी करावीशी वाटते, एवढेच. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांतील यश हाही असाच, आपल्या शेजारच्या घरात सापडेल असा मुलगा आहे. तो आदर्श बालक नाही आणि वाया गेलेलाही नाही.

वाचणारा मुलगा चित्रांत असा सहजपणे यायला हवा. गोष्ट पावसाची असू द्या, हरवलेल्या मांजराची असू द्या, आणि त्या गोष्टीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या कट्ट्यावर, एखादा मुलगा पुस्तक घेऊन बसलेला असू द्या. त्याबद्दल मजकुरात अवाक्षर नको. मैदानावरून आलेला, गुडघा खरचटलेला मुलगा धाकट्या बहिणीला गोष्ट वाचून दाखवत असू द्या. आणि मुलाबरोबर मोठा पुरुषही वाचताना दिसू द्या. इमारतीच्या फाटकापाशी रात्रपाळीला बसलेला पहारेकरी, मेट्रोतून कामावर निघालेला तरुण, गिऱ्हाईक नसताना ठेल्यामागे बसलेला भाजीवाला, पोळ्या लाटून झाल्यावर ओट्याशी टेकून वर्तमानपत्र वाचणारा बाप, अशी माणसे आपल्या अवतीभवती आहेत. त्यांना चित्रात आणायला विशेष कल्पनाशक्ती लागत नाही.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या बाबतीत थोडे अधिक श्रम घ्यावे लागतात. येथील मुलांची शाळा बहुधा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची असते, आणि मराठी पुस्तक घरात येते ते कोणी आवर्जून आणले तरच. परंतु आपण पुस्तकांच्या मोठ्या केंद्राजवळ राहतो, हेही खरे. १९५७ साली स्थापन झालेला नॅशनल बुक ट्रस्ट दिल्लीतच आहे आणि त्याच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' मालेतील पुस्तके मराठीतही निघतात. व्यंगचित्रकार शंकर यांनी त्याच वर्षी स्थापन केलेला चिल्ड्रन्स बुक ट्रस्टही येथलाच. दिल्लीच्या जागतिक पुस्तक मेळ्याची परंपरा १९७२ पासूनची आहे. सवड मिळेल तेव्हा मुलांना घेऊन अशा ठिकाणी जावे. पुस्तक विकत घेणे परवडले नाही तरी चाळायला पैसे पडत नाहीत. चाळताना एक करावे. चित्रांत कोण वाचत आहे, ते मुलांबरोबर मोजावे. मुली किती, मुलगे किती, आया किती, बाप किती, आणि वाचणाऱ्या मुलाला कोणी हसत तर नाही ना, हेही पाहावे. मुलांना हा खेळ आवडेल, आणि चित्राला प्रश्न विचारण्याची सवयही लागेल.

विद्यार्थिमित्रहो, हे पुस्तक हाती घेणाऱ्यांपैकी अनेकांची शाळा मध्येच सुटली असेल. कोणी घरची जबाबदारी उचलली असेल, कोणाला वर्गात अपमान सोसावा लागला असेल, कोणाला कोणी विचारलेच नसेल. आता तुम्ही कामावरून आल्यावर, घर शांत झाल्यावर, पुन्हा वाचायला बसता. काही शब्द अडतात, काही ओळी दोनदा वाचाव्या लागतात. अशा वेळी घरातील लहान मूल दाराआडून पाहत असेल, तर संकोचाने पुस्तक मिटू नका. मुलाला जवळ बसवा. अडलेला शब्द त्याच्यादेखत पुन्हा वाचा. त्याला एखादे चित्र दाखवून "हा काय करतो?" असे तुम्हीच विचारा. वाचणारी आई मुलाला पुष्कळ काही देते. वाचणारा बाप, काका किंवा मोठा भाऊ मुलाला आणखी एक गोष्ट देतो: पुस्तक हाती घेतल्याने पुरुषपणाला काही कमीपणा येत नाही, हे तो मुलाला एक शब्दही न बोलता सांगतो.

चित्रकार आणि लेखक आपापल्या परीने चित्रे बदलतील, पाठ्यपुस्तकांची समितीही ती काळजी घेईल. त्याला वेळ लागेल. घरातले चित्र मात्र आज रात्री बदलता येते.